पाणी ओसरले

१

"मला चोरीची तक्रार द्यायचीय," बाई खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाली. "तुमच्याच चॅनलवरची एक ओळ चोरीला गेलीय. आणि तिच्यापायी माझ्या भावाला वेड लागायची पाळी आलीय."

तक्रारताईंनी चष्मा कपाळावर सरकवला. चॅनलच्या त्या काचेच्या इमारतीत त्यांची खोली जिन्याखाली होती आणि तिथे तऱ्हेतऱ्हेची माणसं यायची. निवेदिकेच्या कपड्यांचा रंग डोळ्यांना खुपतो म्हणून यायची, हवामानाचा अंदाज चुकला आणि दोरीवरचे कपडे भिजले म्हणून यायची. ताईंनी तक्रार ऐकायची, दोन गोड ओळींचं उत्तर धाडायचं, आणि विषय संपवायचा. कोणे एके काळी त्या स्वतः नावाजलेल्या वार्ताहर होत्या. पण प्रश्न विचारायची खोड काही जाईना, म्हणून साहेबांनी त्यांना बढती देऊन जिन्याखाली बसवलं होतं. तेव्हापासून सगळं ऑफिस त्यांना तोंडावरसुद्धा तक्रारताईच म्हणायचं.

बाईच्या मागे तिचा भाऊ उभा होता. डावा हात प्लास्टरमध्ये, नजर फरशीवर. ताईंनी त्याला लगेच ओळखलं. न ओळखायला काय झालं? पुराच्या दिवसांत हा चेहरा त्यांच्याच चॅनलने सकाळ-दुपार-संध्याकाळ दाखवला होता. खाली लिहिलं होतं : रुग्णवाहिकेचा चालक नशेत?

"ते प्रश्नचिन्ह टाकलं की तुमचे हात धुतले जातात, नाही का?" बहीण म्हणाली. ती औषधांच्या दुकानात काउंटरवर असायची. दिवसभर लोकांशी बोलून जीभ चांगली परजलेली होती.

"बसा हो आधी. आणि पहिल्यापासून सांगा."

बसला कोणीच नाही, पण ड्रायव्हर बोलायला लागला. पुराने शहराचे दोन तुकडे केले होते. नदीच्या अलीकडे छोटा दवाखाना, पलीकडे मोठं हॉस्पिटल. मध्ये दोन पूल, जवळचा जुना आणि लांबच्या वळशाचा नवा. जुना पूल सकाळीच बंद झाला होता. दुपारी दवाखान्यात ठेवलेल्या, त्याच्या ओळखीच्या एका शाळामास्तरांच्या आईला एकाएकी धाप लागली. त्यांना पलीकडे हलवायचं ठरलं. गाडीवरचा मदतनीस स्वतःच पाण्यात अडकलेला. मास्तर आईचे कपडे आणायला घरी धावले होते, ते मागून येणार होते.

"मी नव्या पुलानेच निघणार होतो, ताई. शपथेवर सांगतो. पण आजींना गाडीत ठेवलं, वळलो, आणि दवाखान्याच्या टीव्हीवर पट्टी दिसली. खाली पळते ना, ती. जुना पूल खुला. तुमच्या चॅनलची." तो थांबला. "आजींची घरघर ऐकवत नव्हती. म्हटलं, अर्धी वाट वाचतेय."

पुलावर पाण्याचा पातळ थर होता, म्हणून खाली मधला भाग खचलाय ते दिसलंच नाही. अलीकडच्या काठावर अडवायला कुणी नव्हतं. गाडी पाण्यात गेली. ड्रायव्हर खिडकीतून बाहेर पडला आणि पोहत मागच्या दाराकडे गेला. दार उघडलं नाही. 

"आता सगळे म्हणतात अशी पट्टी नव्हतीच," बहीण म्हणाली. "गावभर वीज गेलेली. जिथे जनरेटर तिथेच टीव्ही. दवाखान्यातली माणसं आपापल्या पेशंटच्या घोरात, वर कोण बघतंय? तुमच्या साहेबांनी सांगितलं, रेकॉर्डिंगमध्ये पट्टी नाही म्हणजे नाही."

"मलाही आता तसंच वाटायला लागलंय," ड्रायव्हर हळूच म्हणाला. "माझ्याच मनाने बनवली असेल."

"बघितलंत? असा बोलतो! जेवत नाही, झोपत नाही."

ताईंनी वही पुढे ओढली. "तुम्हाला नक्की काय हवंय? माफी? खुलासा?"

ड्रायव्हरने पहिल्यांदा मान वर केली. "टीव्हीवर काही नको. फक्त मास्तरांना कळू दे. मी प्यायलो नव्हतो आणि उगाच शहाणपणा करून त्या पुलावर गेलो नव्हतो, एवढंच. त्यांच्या आईला किती वर्षं मीच ने-आण करत होतो. मला लेका म्हणायच्या त्या. मास्तर आता माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत."

२

संपादकांना सगळे साहेब म्हणत. माणूस वाईट नव्हता. पण बातमी दुसऱ्याने आधी दिली की त्यांच्या छातीत खरोखर कळ यायची. त्यावर डॉक्टरांच्या गोळ्याही चालू होत्या.

"ताई, तो प्यायलेला होता," ते संगणकावरची नजर न काढता म्हणाले.

"रक्ताचा अहवाल काय म्हणतो?"

साहेब जरा चुळबुळले. "स्वच्छ आला म्हणे."

"मग आपण कशावरून दाखवलं?"

"गमबूटने सांगितलं. ज्यांनी ओढून काढलं त्यांना वास आला म्हणे."

गमबूट म्हणजे त्यांचा नदीवरचा वार्ताहर. पाणी घोट्याएवढं असो की गुडघ्याएवढं, हा कॅमेऱ्यासमोर रबरी बूट घालूनच उभा राहणार.

"रुग्णवाहिकेत स्पिरिटच्या बाटल्या असतात, साहेब. त्या फुटल्यावर काय अत्तराचा वास येणार? आणि अहवाल आल्यावर तो का नाही दाखवला?"

"तोवर बातमी शिळी झाली होती." साहेबांनी आता खुर्ची वळवली. "आणि आपण 'संशय' म्हटलं होतं. पट्टीचं म्हणाल तर ती गेलीच नाही. सगळ्या दुपारचं रेकॉर्डिंग आहे. जा, बघा डोळे भरून."

इतक्या छातीठोकपणे माणूस बोलतो तेव्हा एक तर तो खरा असतो, नाहीतर त्याने आधीच खात्री करून घेतलेली असते. ताई रेकॉर्डिंगच्या खोलीत जाऊन बसल्या.

बघता बघता त्यांचे डोळे चुरचुरायला लागले. काठावरची घरं, छपरांवर बसलेली माणसं, होड्या. नदी पडद्यावरसुद्धा चढताना दिसत होती. एका भिंतीवर रंगवलेली जाहिरात आधी पूर्ण दिसली, मग अर्धी, मग नुसता वरचा काठ उरला. आणि पट्टी? कुठेच नव्हती. ड्रायव्हर निघाला त्या सुमाराचा भाग ताईंनी पुन्हा पुन्हा फिरवून पाहिला. पडद्याचा खालचा भाग स्वच्छ होता.

त्यांचा धीर सुटला. बिचाऱ्याला आता काय तोंडाने सांगायचं? तुला भास झाला बाबा? त्या उठल्याच होत्या. आणि दाराशी पोचता पोचता जागच्या जागी थांबल्या.

स्वच्छ? पुराच्या दिवशी? त्या दिवशी मदतीचे फोन नंबर दिवसभर खाली पळत होते. धरणाचे आकडे पळत होते. त्यांनी स्वतः ते येता-जाता कँटीनच्या टीव्हीवर पाहिले होते. मग रेकॉर्डिंगमध्ये तेही का नाहीत?

३

पट्टी चोरीला गेली नव्हती. ती या रेकॉर्डिंगमध्ये कधी आलीच नव्हती.

ताईंनी कपाळावर हात मारून घेतला. इतकी वर्षं या धंद्यात काढून ही साधी गोष्ट डोक्यात येऊ नये? पुन्हा वापरायची म्हणून चित्रं कोरी साठवतात. आजच्या पट्ट्या उद्याच्या कार्यक्रमात कशाला हव्यात? पट्ट्या त्याच्यानंतर चढतात, थेट लोकांच्या घरी जाता जाता. आणि पट्टीच्या यंत्रात जुनी ओळ काढली की ती गेलीच. साहेबांना हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर त्यांनी इतक्या ऐटीत 'जा, बघा' म्हटलं होतं.

म्हणजे ड्रायव्हर खोटा ठरत नव्हता. पण खराही ठरत नव्हता. लोकांच्या घरातल्या पडद्यावर काय दिसलं ते आता कोणाच्या घरात जाऊन शोधायचं? वीज तरी कुठे होती कोणाकडे?

जिथे जनरेटर तिथेच टीव्ही, बहीण म्हणाली होती. ताई पुन्हा खुर्चीत बसल्या. आता त्यांनी माणसांकडे बघायचं सोडून दिलं आणि माणसांच्या मागे काय आहे ते बघायला सुरुवात केली. दुकानं बंद, घरं काळोखी. आणि मग आली मदत छावणी. शाळेचं सभागृह, सतरंज्या, कोपऱ्यात रडणारी पोरं, दिव्यांचा झगझगाट. मध्यभागी आपले गमबूट, हातात माईक, बोलतायत धडाधड. आणि त्यांच्या खांद्यामागे, भिंतीवर, टीव्ही.

ताईंनी चित्र थांबवलं. मोठं केलं.

टीव्हीवर त्यांचंच चॅनल लागलेलं होतं. साहजिकच त्या टीव्हीतही गमबूटच होता, बोटभर उंचीचा, तोच माईक, तोच हातवारा. न्हाव्याच्या दुकानात समोरासमोर आरसे लावले की दिसतं तसं. आणि त्या बोटभर गमबूटच्या पायाशी लाल पट्टी होती. ताईंनी चष्मा पुसला, नाक पडद्याला टेकेपर्यंत वाकल्या आणि एकेक अक्षर लावत वाचलं.

पाणी ओसरले. जुना पूल वाहतुकीसाठी खुला.

"सापडलीस गं बाई," त्या मोठ्यांदा म्हणाल्या. रेकॉर्डिंगवाला दचकून जागा झाला. ताईंनी मोबाइल काढून पडद्याचा फोटो घेतला. पहिला हलला होता म्हणून आणखी एक घेतला.

तिथूनच बहिणीला फोन लावला. "त्याला सांगा, पट्टी होती. त्याचं डोकं ठिकाणावर आहे."

पलीकडे बराच वेळ नुसतं मुसमुसणं ऐकू आलं. मग बहीण म्हणाली, "मग लावली कोणी?"

४

पट्ट्या लिहिणाऱ्या माणसाला पट्टीदादा म्हणत. कपाळावर आठ्या, बोटं सदा कळफलकावर. आधी त्यानेही कानावर हात ठेवले. "मला काही आठवत नाही, ताई. इतक्या पट्ट्या जातात."

ताईंनी मोबाइल त्याच्यासमोर धरला. पट्टीदादाचा चेहरा उतरला.

"साहेबांनी सांगितलं होतं, विषय काढायचा नाही." त्याने इकडेतिकडे पाहिलं. "पण मी आगाऊपणा नाही केला हो! आपला नियम आहे, दोन ठिकाणांहून खात्री झाल्याशिवाय लाल पट्टी सोडायची नाही. मी पाळला तो. साहेब म्हणाले, सरकारच्या पूर नियंत्रण कक्षाने दुजोरा दिलाय, सोड. तरी मी थांबलो. म्हटलं, नदीवर आपला माणूस आहे, त्याला विचारतो. गमबूटला फोन केला. तोही हो म्हणाला. दोन्हीकडून हो आलं तेव्हाच सोडली. अपघाताचं कळलं तशी लगेच काढली. पण..."



गमबूट कँटीनमध्ये सापडला. पायात चप्पल होती, त्यामुळे ओळखायला जरा वेळ लागला.

"हो, मी म्हटलं खुला आहे. नियंत्रण कक्षातूनच मला कळलं होतं ना! सरकारी माणूस सांगतोय म्हटल्यावर मी कोण नाही म्हणणारा?"

"तू स्वतः पूल पाहिलास?"

"ताई, मी नदीवर..."

"तू छावणीत होतास." ताईंनी फोटो दाखवला. "नदी तिथून किती लांब, सांग बरं."

गमबूटने कप खाली ठेवला. "लाईव्ह आटोपून जाणारच होतो. पोरं रडत होती, चित्र चांगलं मिळत होतं. साहेबांनीच थांबवून ठेवलं."

नियंत्रण कक्ष सरकारी इमारतीत होता, ताई तिथे गेल्या. फोन घेणाऱ्या बाईंचा आवाज अजून बसलेलाच होता. त्यांनी गमबूटचं नाव ऐकताच हात जोडले.

"कमाल करतात तुमची माणसं! मी सांगितलं? अहो, मलाच त्यांनी सांगितलं. आमचा वायरलेस बंद पडलेला. पुलाच्या पलीकडच्या टोकाला असलेल्या पोलिसाशी बोलणं होईना. तुमचा वार्ताहर सकाळी टीव्हीवर नदीकाठी दिसला होता. म्हटलं, याच्या डोळ्यासमोर असेल. त्याला विचारलं, पूल खुला झाला का? तो म्हणाला, हो, झाला असणार. मग मी तुमच्या साहेबांना कळवलं, नदीवरून दुजोरा मिळालाय."

हा म्हणतो तिने सांगितलं, ती म्हणते याने सांगितलं. एकाला तरी खोटं पाडायचं म्हटलं तर दोघांचीही तोंडं खऱ्या माणसांसारखी. इथेच घोडं पेंड खात होतं.

ताई उठता उठता थांबल्या. "तुम्ही गमबूटला मुळात विचारलंतच का? तो पूल सकाळपासून बंद होता. खुला झाला का, हे तुमच्या मनात आलं कुठून?"

"माझ्या मनात कशाला येईल?" बाई वैतागून म्हणाल्या. "तुमच्या साहेबांनीच फोन करून विचारलं. जुना पूल खुला झाला ना, म्हणून."

"आणि पाणी ओसरलं, असं कोण म्हणालं?"

बाईंनी डोळे विस्फारले. "ओसरलं? काहीतरीच काय! पाणी तर संध्याकाळपर्यंत चढतच होतं."

५

ताई परत आल्या त्या थेट पट्टीदादाच्या टेबलाशी. गमबूटला वाटेतच फोन करून विचारलं होतं. त्यानेही शपथ घेऊन सांगितलं, पाणी ओसरल्याचं तो बोलला नव्हता.

"दादा, एकच विचारते. पूल खुला, हे तुला दोघांनी सांगितलं, मान्य. पट्टीत 'पाणी ओसरले' असंही आहे. ते तुला कोणी सांगितलं?"

"कोणी म्हणजे..." पट्टीदादा बोलता बोलता अडला. बोटं कळफलकावरून खाली आली. "ते त्याच्यात होतंच, ताई."

"कशात?"

"तयार पट्टीत." त्याचा आवाज बसला. "असं काही संकट आलं की मी सकाळीच दोन्ही बाजूंच्या लिहून ठेवतो. धरण फुटले, धरण सुरक्षित. पूल कोसळला, पूल खुला. मोठा माणूस आजारी पडला तरी दोन करतो, प्रकृती सुधारली आणि निधन झालं. मग जे होईल ते नुसतं सोडायचं. सेकंदसुद्धा जात नाही. साहेबांनीच ही पद्धत लावली. सकाळी मला वाटलं, पूल खुला व्हायचा तर आधी पाणी ओसरायला हवं, म्हणून तसं लिहून ठेवलं."

"आणि या तयार पट्ट्या दिसतात कुठे?"

पट्टीदादाने बोट वर केलं. साहेबांच्या केबिनमध्ये भिंतीवर ओळीने पडदे होते. त्यातल्या एकावर प्रक्षेपणाच्या रांगेत उभं असलेलं सगळं दिसायचं.

ताई वर गेल्या. दार लावून घेतलं.

"साहेब, त्या दुपारी तुम्ही नियंत्रण कक्षाला आपणहून फोन का केलात?"

"पूल खुला झाल्याची बातमी आली होती, म्हणून."

"कोणाकडून?"

"पडद्यावर होती ना! मी स्वतः पाहिली. आपल्या पट्टीवाल्याने..." साहेब थांबले. त्यांची नजर भिंतीवर गेली आणि तिथेच राहिली. हे त्यांना खरोखर आजच उमगत होतं.

"ती बातमी नव्हती," ताई म्हणाल्या. "सकाळी लिहून ठेवलेली सोय होती. तुम्ही ती पाहिलीत आणि बाईंना विचारलंत. तुम्ही विचारलंत म्हणजे काहीतरी असणार, म्हणून बाईंनी गमबूटला विचारलं. सरकारी माणूस विचारतोय म्हणजे झालाच असणार, असं गमबूटला वाटलं. त्याचा होकार बाईंकडून तुमच्याकडे आला. पट्टीदादाने पुन्हा गमबूटला विचारलं, त्याने बाईंचं नाव सांगितलं. दोन ठिकाणांहून खात्री झाली. नियम पाळला. पूल मात्र कोणीच पाहिला नाही, साहेब. तो फक्त ड्रायव्हरने पाहिला."

 साहेबांनी खणातून गोळी काढून जिभेखाली ठेवली.

"मग गुन्हेगार कोण?" त्यांनी विचारलं. "नाव घ्या. आत्ता काढून टाकतो."

 कोणाचं नाव घेणार? पट्टीदादा नियमाने वागला. बाईंनी प्रश्न विचारला. गमबूटने सरकारी शब्दाचा मान ठेवला. आणि समोर बसलेल्या या माणसाने तर खात्री करायला फोन केला होता, जे करत नाहीत म्हणून ताई इतरांना शिव्या घालायच्या.

"पट्टी सोडली त्यात कोणी नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "पण नंतर रेकॉर्डिंगकडे बोट दाखवलंत, ते जाणूनबुजून. ड्रायव्हरला प्यायलेला ठरवलंत, अहवाल आल्यावरही गप्प बसलात, तेही. त्याचं नाव तरी साफ करा."

"वकील होऊ देणार नाहीत." साहेबांचा आवाज मऊ होता, आणि त्यामुळेच ताईंना जास्त राग आला. "पुलाबद्दल एक ओळ टाकू. त्रुटीबद्दल दिलगीर आहोत. तेवढं माझ्या हातात आहे. त्याच्याबद्दल बोललो की सगळं आपल्या गळ्यात येईल. मी तरी काय करू?"

ती ओळ गेली. ताई कँटीनच्या टीव्हीसमोर मुद्दाम उभ्या होत्या. 'जुन्या पुलासंबंधीच्या वृत्तातील त्रु' इतकं सरकलं आणि कुठेतरी गोदामाला आग लागली. पडदा लालभडक झाला, ओळ गेली ती गेलीच. कँटीनमधलं कोणीही जागचं हललं नाही. गमबूट मात्र बूट शोधायला धावला.

६

मास्तरांचं घर गल्लीच्या टोकाला होतं. ताई सकाळी गेल्या. सोबत मोबाइलमधला फोटो आणि रक्ताच्या अहवालाची प्रत होती. निघताना त्यांनी बहिणीला फोन करून सांगितलं होतं, घरीच थांबा, मी कळवते.

मास्तरांनी दार उघडलं, आत बोलावलं, पाणी दिलं. खोलीत पुस्तकं होती, एक रिकामी खाट होती, खाटेवरची चादर नीट घडी करून ठेवलेली होती. ताईंनी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही, चॅनलचं नावही नाही. मास्तर मध्ये एकदाही बोलले नाहीत. चांगले शिक्षक ऐकतात तसं त्यांनी ऐकून घेतलं. फोटो पाहिला. अहवाल वाचला, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

"आपण कुठे काम करता म्हणालात?"

ताईंनी पुन्हा सांगितलं.

"हं." मास्तरांनी अहवालाची घडी घातली. "ताई, माझी आई गेली त्या संध्याकाळी मी याच खोलीत बसलो होतो. वीज नुकतीच आली होती. तुमच्याच चॅनलने मला सांगितलं, तो प्यायलेला होता. मी विश्वास ठेवला. त्या पोराला मी ओळखत होतो, तरी ठेवला. मला कोणावर तरी चिडायचंच होतं आणि तुम्ही मला माणूस दिलात."

"हो. म्हणूनच मी..."

"आता तुम्हीच येऊन सांगता, नव्हता प्यायलेला. पट्टी होती. मग म्हणता, पट्टी होती पण ती बातमी नव्हती." मास्तरांचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. "तुमचं कुठलं खरं मानू मी? फोटो म्हणाल तर तुमच्या ऑफिसात हवा तसा फोटो तयार होत असेल. कागदही होत असेल. उद्या आणखी कोणी येऊन तिसरं सांगेल. मी दर वेळी नव्याने आईला मारू का?"

"हे खरं आहे, मास्तर. मी स्वतः खात्री केलीय."

"त्यांनीही केली होती ना? दोन ठिकाणांहून?"

   मास्तरांनी अहवाल आणि मोबाइल दोन्ही त्यांच्या हातात परत दिलं.

"तुम्ही भल्या दिसता. पण त्याला सांगा, माझ्या दारात येऊ नकोस. तो समोर आला तर माझ्या हातून काय होईल, माझं मलाच सांगता येत नाही."

दार लागलं. आतून कडी सरकली.

ताई गल्लीत उभ्या राहिल्या. रडू येत होतं, रागही येत होता, आणि कोणावर काढायचा तेच कळत नव्हतं. तेवढ्यात फोन वाजला. बहिणीचा नंबर, पण आवाज ड्रायव्हरचा.

"ताई, झालं बोलणं? सकाळपासून जीव टांगणीला लागलाय. काय म्हणाले मास्तर?"

खरं सांगायचं होतं. खरं सांगणं हेच तर त्यांचं काम होतं. पण त्या आवाजात इतकी आशा होती, आणि काल रात्री तो बऱ्याच दिवसांनी दोन घास जेवला, असं बहिणीने सांगितलं होतं. आजचा दिवस निभू दे, ताईंना वाटलं. उद्या सावकाशीने, समोर बसवून, सगळं नीट सांगू.

"पटलं त्यांना," त्या म्हणाल्या.

 पलीकडे तो हसला की रडला कोण जाणे, दोन्हींच्या मधलाच काहीतरी आवाज आला.

"मग मी येतोच! घरी बसवेना, म्हणून बहिणीला घेऊन केव्हाचा त्यांच्याच गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबलोय. पुढे यायचा धीर होत नव्हता. आता आलोच बघा."

"अरे, थांब! नको येऊस, ऐक आधी..."

फोन बंद झाला होता. ताईंनी परत लावला. गल्लीच्या तोंडाशी स्कूटर वळली. बहीण चालवत होती, ड्रायव्हर मागे बसला होता, आणि प्लास्टरमधला हात वर करून तो ताईंना दाखवत होता. तो हसत होता. ताई दोन्ही हातांनी त्याला नको नको म्हणत पुढे धावल्या. त्याला वाटलं त्या बोलावतायत.

स्कूटरचा आवाज ऐकून मागे मास्तरांच्या दाराची कडी निघाली.